आधी माल मोजा, मग बंदी घाला

नागपुरात मालवाहतुकीवर चर्चा दोनच वेळा होते. एखाद्या टिप्परखाली माणूस सापडतो तेव्हा, नाहीतर एखाद्या लॉजिस्टिक पार्कचं भूमिपूजन होतं तेव्हा. पहिल्या वेळी ट्रक गुन्हेगार ठरतो, दुसऱ्या वेळी विकासाचा दूत. एरवी तो कुठून येतो, काय आणतो, कुठे थांबतो आणि रिकामा कसा परततो, याची चौकशी कोणी करत नाही. मनीषनगरसारख्या वस्तीला मात्र या चौकशीवाचून गत्यंतर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: महापालिका, वाहतूक पोलीस, रेल्वे, ट्रान्सपोर्टर, व्यापारी आणि रहिवासी यांनी एकत्र बसून माल मोजला पाहिजे. तोवर घातलेली प्रत्येक बंदी त्रासाची जागा बदलेल, त्रास कमी करणार नाही. ते मुद्देवार मांडतो.

१. मनीषनगर मालाच्या वाटेवरच वसलं आहे

पश्चिमेला वर्धा रोड आहे, ज्याला जुने नागपूरकर अजून 'एनएच सात' म्हणतात. आज तो काश्मीर ते कन्याकुमारी जाणारा महामार्ग ४४ आहे. वर्धा रोड आणि मनीषनगर यांच्यामधून रेल्वेलाइन जाते, आणि ती साधीसुधी लाइन नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन मुख्य रेल्वेमार्ग नागपूर ते सेवाग्राम या टप्प्यात एकाच वाटेनं धावतात. म्हणजे देशाच्या चारही दिशांचा माल मनीषनगरच्या घरांमागून जातो. म्हणून तर वर्धा-नागपूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचं काम हाती घ्यावं लागलं. उत्तरेला अजनी आहे, तिथे रेल्वेच्या कॉन्कॉर कंपनीनं कंटेनर डेपो उभारला. दक्षिणेला मिहान आणि त्यापुढे बुटीबोरीची एमआयडीसी. इथे भूखंड घेणाऱ्यानं शांत लेआउट पाहून घेतला असेल, पण पत्ता मात्र मालवाहतुकीच्या चौकातला आहे.

२. दाराशी येणारा माल ट्रकवाल्याचा नाही, आपला आहे

बेसा, बेलतरोडी, घोगलीकडे फ्लॅट स्कीम उभ्या राहताहेत. ठेकेदारांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: बांधकामाच्या दर चौरस फुटाला सिमेंटची ०.४ गोणी, सुमारे १.८ घनफूट रेती आणि १.३५ घनफूट गिट्टी. या हिशेबानं वीस हजार चौरस फुटांच्या एका मध्यम स्कीमला ८,००० गोण्या, म्हणजे ४०० टन सिमेंट लागतं. पंचवीस टनांचा ट्रक धरला तर सोळा खेपा झाल्या. रेती ३६,००० घनफूट, म्हणजे ३६० ब्रास. पाच ब्रासच्या टिप्परनं ७२ खेपा. गिट्टी २७० ब्रास, ५४ खेपा. विटा, सळ्या, टाइल्स, दारं-खिडक्या आणि खोदकामाची माती बाजूला ठेवली तरी एका इमारतीमागे १४२ जड खेपा होतात, आणि तेवढ्याच वेळा वाहन रिकामं परततं. एका रस्त्यावर अशा चार स्कीम एकदम सुरू असतील तर तो रस्ता का फुटतो, याचं उत्तर मिळायला चौकशी समिती नको.

बाकीचा माल रोजचा. कळमन्यातून भाजी आणि फळं, इतवारीतून किराणा, गॅसची सिलिंडरं, पाण्याचे टँकर, दूध आणि काही मिनिटांत घरपोच देणाऱ्या कंपन्यांच्या दुचाक्या. कळमना शहराच्या पूर्वेला, मनीषनगर दक्षिणेला. भाजीच्या प्रत्येक 'छोटा हत्ती' टेम्पोला अर्धं शहर ओलांडावं लागतं. 'आमच्या वस्तीत ट्रक नकोत' असं पत्र लिहिणारी सोसायटी आणि त्याच दिवशी फ्रिज मागवणारी सोसायटी एकच असते, हे मान्य केलं की पुढची चर्चा सोपी होते.

३. जकात गेली, तिच्यासोबत मोजणीही गेली

नागपुरात २०१३ साली जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही उठला आणि २०१७ साली जीएसटी लागू झाला. जकात नाका म्हणजे रांगा, चिरीमिरी आणि खोळंबा. तो परत यावा असं कोणीही म्हणणार नाही. पण नाक्यावर एक नोंद होत असे: कोणत्या वाटेनं, कोणता माल, किती आला. तिच्यात लबाडी असेल, तरी शहराच्या पोटात काय जातं याचा तो एकमेव कागद होता.

आज माहिती पूर्वीपेक्षा जास्त आहे, पण ती महापालिकेकडे नाही. २०१८ पासून ई-वे बिलावर माल कुठून निघाला, कुठे जाणार आणि गाडीचा क्रमांक काय हे सगळं असतं. ते जीएसटी यंत्रणेकडे जातं. टोलनाक्यावरचा फास्टॅग महामार्गाच्या यंत्रणेकडे. मालगाडीची माहिती रेल्वेकडे. बिल्टी ट्रान्सपोर्टरच्या कपाटात. पार्सलचा हिशेब ई-कॉमर्स कंपनीच्या संगणकात. आणि टिप्परचा हिशेब ठेकेदाराच्या वहीत. प्रत्येकाकडे एक तुकडा आहे आणि रस्त्याचा निर्णय ज्यांनी घ्यायचा, त्यांच्याकडे एकही नाही.

४. माणसांचं मॉडेल आहे, मालाचं नाही

मेट्रो बांधण्याआधी रोज किती माणसं कुठून कुठे जातात याचं गणित मांडावं लागलं. त्यालाच वाहतुकीचं मॉडेल म्हणतात. मालासाठी तसंच गणित चार प्रश्नांवर उभं राहतं. कोणत्या भागात किती माल लागतो? तो कुठून येतो? कोणत्या वाहनातून येतो? आणि ते वाहन कोणत्या रस्त्यानं, किती वाजता जातं? उत्तरं हाती आली की 'काय केलं तर काय होईल' हे आधी कागदावर तपासता येतं. बेसा रोडवर सकाळची बंदी घातली तर टिप्पर कुठे वळतील? दक्षिण नागपुरात भाजीचं एखादं उपकेंद्र काढलं तर कळमन्याहून येणाऱ्या किती गाड्या कमी होतील?

मालाचं गणित माणसांच्या गणितापेक्षा अवघड असतं, हे खरं. माणूस सकाळी जातो आणि संध्याकाळी घरी येतो. माल एकाच दिशेनं जातो आणि गाडी परतीचं भाडं शोधत फिरते. एकाच खेपेत पंधरा दुकानं होतात. दिवाळीत आणि संत्र्याच्या बहरात सगळे आकडे बदलतात. पण बांधकामाच्या मालाचं, म्हणजे रस्त्यावर सर्वांत जड पडणाऱ्या मालाचं, गणित आजही जमतं. बांधकाम परवानगीच्या फाइलीत चटईक्षेत्र लिहिलेलं असतं. दुसऱ्या मुद्द्यातला गुणाकार महापालिकेनं स्वतःच्या फाइलींवर केला, तरी पुढच्या वर्षी कोणत्या रस्त्यावर किती टिप्पर येणार हे आधीच कळेल. त्यासाठी परदेशी सल्लागार नको, एक अभियंता आणि त्याला मोकळा वेळ हवा.

५. बंदीनं माल थांबत नाही, तो दुसऱ्या गल्लीत जातो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार वाहनांवर वेळेचं आणि रस्त्याचं बंधन घालता येतं. पोलिसांच्या हाती तेवढंच एक हत्यार असल्यानं तेच वारंवार वापरलं जातं. 'नो एंट्री' लागली की ट्रक हद्दीबाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहतात. चालक गाडीखाली सतरंजी टाकून झोपतो. तिथे ना संडास, ना पाणी. वेळ संपली की सगळे ट्रक एकदम सुटतात. दिवसभर विखुरलेली वर्दळ एका तासात गोळा होते, आणि तो तास नेमका शिकवणीहून परतणाऱ्या मुलांचाही असू शकतो.

याहून मोठी विसंगती रेल्वेच्या मालधक्क्यावर दिसते. चंद्रपूर जिल्ह्यातून सिमेंट रेल्वेनं यावं, असं आपण सगळेच म्हणतो. बंद वॅगनांच्या एका मालगाडीत अडीच हजार टनांच्या आसपास माल असतो, म्हणजे पंचवीस टनांचे शंभर ट्रक. पण गाडी धक्क्याला लागली की ठरावीक तासांत ती रिकामी करावी लागते, नाहीतर डेमरेज भरावं लागतं. गाडी कधी लागेल हे रेल्वे ठरवते. ट्रक कधी निघू शकतील हे पोलीस ठरवतात. दोघांची घड्याळं एकमेकांना विचारून चालत नाहीत. व्यापारी दंड भरतो, ट्रान्सपोर्टर नियम मोडतो आणि पुढच्या वेळी दोघंही म्हणतात, 'जाऊ द्या, चंद्रपूरहून थेट ट्रकनंच आणू.' देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा साधारण चौथ्या हिश्श्यावर आला आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेनं तो २०३० पर्यंत ४५ टक्के करायचं ठरवलं आहे. पण तो वाटा दिल्लीत वाढत नाही. तो मालधक्क्याच्या फाटकावर वाढतो किंवा बुडतो.

६. मोठ्या योजना शहराच्या वेशीपर्यंतच येतात

नागपूर देशाच्या मध्यभागी, म्हणून मालाचं केंद्र होणार, हे आपण गेली वीसहून अधिक वर्षं ऐकतो आहोत. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि तिनं मिहान हाती घेतलं. मिहानच्या पूर्ण इंग्रजी नावातच कार्गो हब आहे. आयटी कंपन्या आल्या, एम्स आलं, विमानदुरुस्तीचं केंद्र आलं. मालवाहू विमानांचं केंद्र कागदावर होतं तसं उभं राहिलं नाही. २०१७ साली वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वे इथे ड्राय पोर्टची पायाभरणी झाली. पुढे ते केंद्राच्या मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्कच्या कार्यक्रमात खासगी भागीदारीनं करायचं ठरलं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. राज्याच्या २०२४ च्या लॉजिस्टिक धोरणात नागपूर-वर्धा परिसरात १,५०० एकरांचं राष्ट्रीय महालॉजिस्टिक हब आहे.

या सगळ्याला माझा विरोध नाही. प्रश्न असा की समृद्धीवरून ७०१ किलोमीटर झपाट्यानं आलेला माल शेवटचे दहा किलोमीटर कसा जाणार? सिंदीत उतरलेला कंटेनर फोडल्यावर त्यातली खोकी इतवारीत आणि मनीषनगरात कोणत्या गाडीनं, कोणत्या वेळी पोचणार? मोठ्या पार्कच्या आराखड्यात शहर हा एक ठिपका असतो आणि शहराच्या आराखड्यात माल हा शब्द नसतो. खर्च, धूर, वेळ आणि अपघात यांचा मोठा भाग मात्र याच शेवटच्या टप्प्यात होतो.

७. एकट्यानं हे कोणालाच जमणार नाही

मनीषनगर महापालिकेत, पलीकडे बेसा-पिपळा नगर पंचायत, आसपास महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए), वर्धा रोडवर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि महामेट्रो, मध्ये रेल्वे, आणि सगळ्यांवर वाहतूक पोलीस. टिप्पर एका खेपेत यांतल्या चौघांची हद्द ओलांडतो. त्यामुळे एकट्या महापालिकेनं केलेला आराखडा वेशीच्या फलकापाशी संपतो.

खासगी बाजूचीही अशीच गत आहे. प्रत्येक वितरक स्वतःची अर्धी भरलेली गाडी पाठवतो. चार वितरकांच्या चार गाड्या एकाच किराणा दुकानासमोर चार वेळा येतात. त्यांनी माल एकत्र केला तर सगळ्यांचंच भाडं वाचेल, पण स्पर्धकाला आपलं गिऱ्हाईक कळेल ही भीती असते. सरकारला आकडे द्यावेत तर उद्या त्यावरूनच नोटीस येईल, ही आणखी मोठी भीती. ती निराधार आहे, असं छातीठोकपणे कोणी म्हणू शकेल का?

म्हणून मधे तिसरा हवा. नागपुरात व्हीएनआयटी आहे, जिथे स्थापत्य अभियांत्रिकी शिकवली जाते. वर्धा रोडलगत नीरी आहे, जिचं कामच पर्यावरणाचं आहे. आकडे अशा संस्थेकडे जावेत. नाव, दर आणि गिऱ्हाईक झाकून एकत्रित आकडेच बाहेर यावेत, आणि ते कर किंवा दंडाच्या कामी वापरले जाणार नाहीत, असा लेखी करार व्हावा. सरकारनं हमी द्यायची आणि व्यापाऱ्यानं माहिती, अशी ही देवघेव आहे. 'सार्वजनिक-खासगी भागीदारी' म्हटलं की आपल्याला जमीन आणि टोल आठवतो. इथे भागीदारी माहितीची आणि वेळेची आहे, आणि तिला खर्च फार थोडा लागतो.

८. एकत्र बसणं नागपुरात अशक्य नाही

पुरावा मनीषनगरच्या तोंडावरच उभा आहे. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली उड्डाणपूल नोव्हेंबर २०२० मध्ये खुला झाला. खाली जुना रस्ता, मधे महामार्गाचा पूल, वर मेट्रो. महामार्ग प्राधिकरण आणि महामेट्रोनं एकेक खांब वाटून घेतला म्हणून ते जमलं. दोघांनी वेगवेगळे खांब उभे केले असते तर वर्धा रोड उरलाच नसता.

उलट उदाहरणही जवळचंच आहे. अजनीत इंटरमोडल स्टेशनचा आराखडा आधी ठरला आणि झाडांचा प्रश्न नंतर समोर आला. २०२१ साली अजनी वनासाठी लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि तो आराखडा मूळ रूपात पुढे सरकला नाही. आधी विचारलं असतं तर कदाचित जागाही मिळाली असती आणि झाडंही राहिली असती.

जपानमध्ये योकोहामाच्या मोतोमाची बाजारपेठेत दुकानदारांच्या संघटनेनं २००४ पासून एकत्रित वितरण सुरू केलं. वेगवेगळ्या कंपन्यांचा माल जवळच्या एका केंद्रात उतरतो आणि तिथून मोजक्या, कमी धूर सोडणाऱ्या गाड्या तो दुकानांत पोचवतात. पुढाकार दुकानदारांचा होता, कारण ग्राहकांना चालायला रस्ता उरला नव्हता. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून अनेक शहरांत नगरपालिका, ट्रान्सपोर्ट कंपन्या, दुकानदार आणि रहिवासी यांची मालवाहतूक मंडळं बनली. त्यांतून ट्रकसाठी ठरलेल्या रस्त्यांचे नकाशे आणि माल उतरवण्याच्या जागा निघाल्या. यातलं काहीही मनीषनगरच्या आवाक्याबाहेरचं नाही.

९. आक्षेप खरे आहेत, म्हणून अटी हव्यात

पहिला आक्षेप: अशा मंडळात मोठ्या कंपन्या आपलं घोडं पुढे दामटतील. शक्य आहे. म्हणून एक गाडी असलेला मालक-चालक, भाजीविक्रेता आणि हमाल यांची माणसं मंडळात नावानिशी हवीत आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त जाहीर व्हायला हवं.

दुसरा आक्षेप: माल रात्री उतरवा म्हणणं सोपं आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सळ्यांचा ट्रक ती मर्यादा पहिल्या मिनिटात मोडतो. शिवाय माल उतरवणारा हमाल माणूस आहे. माथाडी कायदा १९६९ पासून आहे. रात्रपाळीची मजुरी आणि घरी जायची सोय ठरवल्याशिवाय रात्रीचा नियम करणं म्हणजे सोसायटीची झोप वाचवून हमालाची घेणं. किराणा आणि औषधं पहाटे, सिमेंट-सळ्या दुपारच्या उसंतीत, असं मालागणिक वेळापत्रक करावं लागेल. एक सरसकट वेळ कोणालाच सोयीची नाही.

तिसरा आक्षेप: आणखी एक समिती! याला उत्तर मुदत आहे. एका वर्षात एका रस्त्यावर फरक दिसला नाही तर मंडळ बरखास्त करा.

१०. मनीषनगरपासून सुरुवात: सहा मागण्या

(अ) मनीषनगरचा रेल्वे उड्डाणपूल, अंडरपास, बेसा रोड आणि वर्धा रोडचा वळसा या ठिकाणी उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीत प्रत्येकी एक आठवडा मालवाहनांची मोजणी व्हावी. वाहनाचा प्रकार, माल, भरलेलं की रिकामं, एवढं नोंदलं तरी पुरे. नरेंद्रनगरचा अंडरपास तुंबला की गाड्या कुठून वळतात, हेही पावसाळ्यात कळेल.

(आ) महापालिकेत मालवाहतुकीसाठी स्वतंत्र कक्ष आणि एक जबाबदार अभियंता असावा. आज तक्रार कोणाकडे करायची हेच ठरलेलं नाही.

(इ) मोठ्या बांधकामाला परवानगी देताना टिप्परचा रस्ता आणि वेळ ही अट घालावी, आणि ती बांधकामाच्या फलकावर लिहावी.

(ई) राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार व्यापारी इमारतीत माल चढवण्या-उतरवण्याची जागा लागते. जिथे ती पार्किंगच्या नावानं किंवा दुकान वाढवून गिळली आहे, तिथे ती मोकळी करावी. जुन्या दुकानांसमोर ठरावीक तासांसाठी रस्त्यावर आखलेली जागा द्यावी.

(उ) रेल्वे आणि वाहतूक पोलिसांनी मालधक्क्यांसाठी एक सामाईक वेळापत्रक करावं. गाडी लागण्याची आगाऊ सूचना पोलिसांना मिळावी आणि त्या ट्रकांना ठरलेल्या रस्त्यानं परवाना मिळावा.

(ऊ) बाह्य वळणरस्त्यालगत सरकारी जमिनीवर, खासगी चालकानं चालवलेला ट्रकथांबा व्हावा: संडास, पाणी, जेवण, दुरुस्ती आणि झोपायला जागा. चालकासाठी मोफत सोयी कोणत्या आणि पैसे कशाचे, हे करारातच लिहावं.

या सहापैकी पहिल्या मागणीला निविदा लागत नाही, जमीन लागत नाही आणि कोणत्याही खात्याची मंजुरी दिल्लीहून यावी लागत नाही. महापालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पाआधी ती पुरी होऊ शकते. मनीषनगर, बेसा आणि बेलतरोडीतल्या सोसायट्यांनी या वर्षी 'ट्रक बंद करा' असं निवेदन देण्याऐवजी 'ट्रक मोजा, आणि आकडे आम्हाला दाखवा' असं निवेदन द्यावं. त्यावर सोसायटीच्या सचिवासोबत चौकातल्या किराणा दुकानदाराची आणि एका ट्रान्सपोर्टरचीही सही घ्यावी. तीन बाजूंच्या सह्या असलेला कागद कोणत्याही कार्यालयाला सहजासहजी बाजूला ठेवता येत नाही.